उदबत्तीचा उलटा धूर

माझं नाक लहानपणापासून तिखट. माहेरी आंजर्ल्याला मासेवाली वाडीत शिरली की टोपलीत काय आहे ते मी ओटीवर बसल्या बसल्या सांगायची. पुढे त्याच नाकावर मला नोकरी मिळाली. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत फळांचा रस डबाबंद करणारा एक कारखाना आहे. तिथे प्रत्येक खेपेतला एक डबा फोडून वास घ्यायचा, चव बघायची आणि माल पुढे जाऊ द्यायचा की नाही ते सांगायचं, हे माझं काम. मी नाक मुरडलं की अख्खी खेप बाजूला निघते. कारखान्यात माझ्या नाकाचा असा दरारा. घरी मात्र त्या नाकाला, निदान त्या एका हिवाळ्यात, कुणी हिंग लावून विचारलं नाही.

माझं सासर लांज्याच्या आत, महामार्गापासून दूर असलेल्या एका वाडीत. नवरा मुंबईत नोकरीला. घरात सासूबाई, सासरे आणि मी. सासूबाईंना मी आई म्हणते, सासऱ्यांना बाबा. बाबा उभ्या आयुष्यात गाडीच चालवत आले. आधी वडाप केलं, म्हणजे लांजा ते रत्नागिरी माणसं कोंबून नेली-आणली. मग वय झालं तसं माणसांचं सोडलं आणि रत्नागिरीहून सुकी मासळी आणून आतल्या बाजारांना पोचवायला लागले. गाडी तीच, डिझेलची जुनी व्हॅन. चढाला लागली की म्हाताऱ्यासारखी खोकायची आणि मागे काळा धूर सोडायची. शेवटी शेवटी ती गोठ्यामागे फणसाखाली नुसती उभी असे आणि कोंबड्या तिच्याखाली सावलीला बसत.

तिला परत रस्त्यावर आणलं ते माझ्यामुळे. आदल्या वर्षी माझं एक मूल पोटातच गेलं. तेव्हा मी एसटीने जात-येत होते. महामार्गाचं काम चाललेलं, रस्ता उखडलेला, बस कधी आदळेल नेम नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की त्याचा याच्याशी काही संबंध नाही, असं होतं कधी कधी. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली आणि प्रत्येकाने मनातल्या मनात एसटीलाच दोष दिला. त्यामुळे दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा बाबांनी मला न विचारता फणसाखालच्या कोंबड्या हाकलल्या, बॅटरी बदलली आणि व्हॅन धुवायला काढली.

"आता एसटी नाय," ते म्हणाले. "मी नेणार, मी आणणार."

व्हॅन धुऊन धुऊन तिचा रंग उडायची पाळी आली, पण सुक्या बोंबलांचा वास काही जाईना. इतकी वर्षं मुरलेला तो. पहिल्याच दिवशी मी पालीच्या अलीकडे उतरून ओकले. बाबा बिचारे कावरेबावरे झाले. त्यांना स्वतःला वास येतच नव्हता. मागे ती साथ आली होती तेव्हा ते आजारातून उठले, पण त्यांचं नाक काही परत आलं नाही. जेवताना ताटात काय आहे ते आईंना विचारायचे. चहा तर त्यांना गरम पाण्यासारखाच लागायचा. तेव्हा माझ्या नाकाचं दुखणं त्यांना समजावं कसं, हा प्रश्नच होता. पण ओकारी समजायला नाक लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर व्हॅनचा मागचा दरवाजा वीतभर उघडा, मध्ये लाकडाचा ठोकळा आणि वरून सुंभाची घट्ट गाठ. "वारा खेळता राहील," बाबा म्हणाले. त्यांनी स्वतःच्या बाजूची काचही खाली घेतली. पुढून वारा, मागून वारा. मला खरोखरच बरं वाटलं. दुसऱ्याच दिवशी उमजून उपाय करणारा सासरा किती जणींच्या वाट्याला येतो? त्या गाठीकडे बघून मला भरून आलं होतं, हे आजही आठवतं.

मी बसायची ती मधल्या सीटवर. पुढची बाबांच्या शेजारची जागा रिकामी असायची. आमच्याकडे सून सासऱ्याच्या मांडीला मांडी लावून पुढे बसत नाही. कुणी तसा कायदा केलेला नाही, पण आईंनी पहिल्या दिवशी मधला दरवाजा उघडून धरला आणि मी मुकाट्याने आत चढले. "पाय पसरून बस हो," त्या म्हणाल्या. तेही खरंच होतं.

आणि मग तो हिवाळा सुरू झाला. त्याची आठवण आली की अजून डोळे जड होतात. सकाळी निघायचो तेव्हा सड्याच्या कातळावर धुकं असायचं. बाबा आधी पुढच्या काचेपाशी उदबत्ती लावत. तिथे गणपतीचा छोटा फोटो होता, माझ्याच माहेरचा, कड्यावरचा. लग्नात मी आणलेला. हात जोडायचे, किल्ली फिरवायची, की गाडी खोकत खोकत निघाली. वाडी मागे पडायची, चिऱ्याच्या गडग्यांची कुंपणं मागे पडायची, काजूची झाडं धुक्यातून एकेक पुढे यायची आणि परत विरघळायची. महामार्गाला लागलो की माझ्या डोळ्यांवर झापड यायची. ती झोप नव्हती आणि जागही नव्हती. गाडी डुलत राहायची आणि ती गाडी न राहता आंजर्ल्याची तर, म्हणजे होडी, व्हायची, लहानपणी खाडी ओलांडायला आम्ही बसायचो ती. खाली हिरवं पाणी. पलीकडच्या काठावर आई उभी, माझी आई, हात वर करून. होडी पुढे जायची, पण काठ काही जवळ यायचा नाही, आणि त्याचं मला दुःखही व्हायचं नाही. कधी कधी होडीत माझ्या शेजारी एक लहान मूल बसलेलं असायचं. मी त्याचं तोंड बघायला वळले की गाडी कुठल्यातरी खड्ड्यात आपटायची.

कारखान्याच्या फाटकाशी बाबा हाक मारायचे तेव्हा डोकं जड झालेलं असायचं, कपाळात ठणका. तासाभराने तो ओसरायचा. संध्याकाळी परत तेच. मला ती गुंगी आवडायला लागली होती, हे मी लपवत नाही. दिवसभर लोकांचे डबे हुंगायचे आणि मग ही एवढी खाडी आपल्या एकटीची. घरी सांगितलं तर आई खूश झाल्या. "गाडीत गोड झोप लागते म्हणजे पोर सुखात हाय," त्या म्हणाल्या.

पण त्या गुंगीला एक वास होता. पहिल्यांदा तो खाडीच्या पाण्यातच आला, स्वप्नात. मला वाटलं, कुणाच्या तरी लाँचचं इंजिन असेल. मग जागेपणीही यायला लागला. जळक्या डिझेलचा, घशात चिकटणारा, जिभेवर लोखंडाची चव ठेवून जाणारा. मी बाबांना म्हटलं, "बाबा, धूर येतोय आत."

"ट्रकाचा असेल गो," ते म्हणाले. पुढे खरंच एक ट्रक होता.

दुसऱ्या दिवशी ट्रक नव्हता, वास होता.

मी परत परत सांगायला लागले तेव्हा घरात माझी थट्टा सुरू झाली. आईंनी एका सकाळी गाडी चालू करायला लावली, स्वतः माझ्या जागेवर जाऊन बसल्या, पदराने वारा घेतला, भुवया उंचावल्या, खाली उतरल्या. "काय एक वास नाय. डोहाळे गो ते! तुझ्या नवऱ्याच्या वेळी मला तुळशीचा पण वास सोसत नव्हता." फोनवर नवराही हसला. तोसुद्धा म्हणाला, डोहाळे. मला असा राग आला की त्याच्याशी मी चांगले दोन दिवस बोलले नाही. ज्या नाकावर कारखान्याचा ट्रक निघतो किंवा थांबतो, ते नाक पोटात मूल आलं म्हणून एकदम खोटारडं कसं होतं? पण बाईचं पोट दिसायला लागलं की तिचं सगळं बोलणं त्या पोटातूनच येतंय असं लोकांना वाटतं. कौतुक खूप करतील, मनावर कुणी घेणार नाही.

बाबा हसले नाहीत, एवढं खरं. त्यांना स्वतःला कळत नसल्यामुळे ते दोन्ही बाजूंना घाबरत. गाडी त्यांनी गॅरेजला नेली. मी बरोबर होते. मेस्त्री गाडीखाली सरपटला. सायलेन्सरच्या जोडावर गंजून एक बारीक भोक पडलेलं सापडलं. ते बघून मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे सगळ्यांना चहा सांगितला. जोड बदलला. गाडी चालू करून मेस्त्रीने स्वतः आत बसून वास घेतला. काही नाही. मीही घेतला. खरंच काही नाही. "धूर सोडते थोडा, पण तो मागच्या मागे जातो," तो म्हणाला. "वय झालंय तिचं, एवढंच."

संध्याकाळी त्याच गाडीतून घरी निघालो. हातखंब्याच्या पुढे चढ लागला आणि तो वास आला. तोच, घशात बसणारा.

त्या वेळी मात्र मी खिडकीला डोकं टेकून रडले. मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. वास असला तरी भीती होती, आणि नसला तर त्याहून जास्त. गाडी निरोगी, मग माझंच काही बिघडलंय? गेल्या खेपेला शरीराने मला फसवलं होतं, आता नाकही फसवतंय? बाबांनी आरशात बघितलं असावं. सकाळी बघितलं तर ठोकळा बदललेला. वीतभराचा होता, आता हातभराचा. सुंभ नवं. त्यांच्या हातात तेवढंच होतं, ते त्यांनी केलं.

त्या सकाळी वास नेहमीपेक्षा लवकर आला आणि गुंगीही. पाली मागे पडली. माझी होडी खाडीत निघाली होती. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी मी पुढे बघत होते. काचेपाशी कड्यावरचा गणपती, त्याच्यापुढे उदबत्ती, उदबत्तीचा धूर. निळसर, बारीक, सुरेख दोरा. तो वर जायचा, काचेला टेकायचा आणि वळून बाबांच्या खिडकीतून बाहेर पळायचा. मी किती वेळ त्याच्याकडे बघत होते कोण जाणे. मला आपलं छान वाटत होतं. स्वप्नात मी त्या धुराला म्हणाले, इकडे ये ना, माझ्याकडे. आणि तो काही येईना.

का येईना?

त्या एका प्रश्नाने मी जागी झाले. रोज घरून निघताना, गाडी उभी असताना, मला चंदनाचा वास यायचा. गाडी पळायला लागली की चंदन गायब व्हायचं आणि डिझेल यायचं. आईंनी आणि मेस्त्रीने वास घेतला होता तो उभ्या गाडीत. मी एवढी नाकाची राणी, आणि इतके दिवस माझ्या हे ध्यानात आलं नव्हतं. गाडी पुढे पळतेय, पुढची खिडकी उघडी, तर वाऱ्याने पुढचा वास मागे आणायला हवा. पण पुढचा वास पुढेच बाहेर चालला होता. म्हणजे आतली हवा मागून पुढे सरकत होती. मी माझ्या ओढणीचं टोक हातातून सोडलं. ते बाबांच्या सीटच्या दिशेने फडफडायला लागलं.

मी मागे वळून बघितलं. हातभर उघडा दरवाजा. नवं सुंभ. आणि त्या फटीबाहेर, चढावर, आमच्याच गाडीचा काळा धूर गाडीच्या पाठीला चिकटून मागे मागे येत होता.

"बाबा, गाडी थांबवा."

त्यांनी इतक्या जोरात ब्रेक लावला की गणपती पडला. "काय झालं? कळ येते काय?" त्यांचा आवाज पार बदलला होता.

"कळ नाही. उदबत्ती द्या मला ती."

मी उदबत्ती घेऊन मागच्या फटीपाशी ओणवी होऊन बसले आणि त्यांना म्हटलं, हळू चालवा. ते चालवत होते आणि आरशात बघत होते. धूर फटीतून बाहेर जायला हवा होता. तो सरळ आत वळला, माझ्या तोंडावरून, मधल्या सीटवरून, बाबांच्या खांद्यावरून पुढे गेला, थेट त्यांच्या खिडकीपर्यंत. कुणी रस्ता आखून द्यावा तसा.

गाडी थांबली. बाबा उतरले. मागे आले, दरवाजापाशी उभे राहिले. समजायला त्यांना नाक लागलं नाही. त्यांनी सुंभाच्या गाठीला हात घातला, पण ती त्यांनीच मारलेली, काही केल्या सुटेना. नखं दुखावली त्यांची. शेवटी कोयतीने कापली. ठोकळा रस्त्याच्या कडेला करवंदीत भिरकावला. मग तिथेच गडग्यावर टेकले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून नुसते बघत राहिले.

"तुला वारा लागावा म्हणून बांधला गो मी," ते म्हणाले.

"माहीत आहे बाबा."

"तू सांगत होतीस."

मला त्यांचा राग आला नव्हता असं म्हटलं तर ते खोटं होईल. आला होता, सगळ्यांचाच आला होता. पण त्यांच्या हातांकडे बघून तो तिथल्या तिथे मेला. आमच्या दोघांच्याही मनात एकच होतं. गेले किती दिवस तो पोटातला जीव काय प्यायला असेल?

ते उठले, मधल्या दरवाजाकडे मी वळले तेवढ्यात त्यांनी पुढचा उघडला. "पुढं बस," म्हणाले.

मी पुढे बसले. कारखान्यात गेलोच नाही. दवाखाना येईपर्यंत काचा सताड उघड्या, मागचा दरवाजा बंद. मला सगळा वेळ चंदनाचा वास येत होता आणि झापड कुठल्या कुठे गेली होती. होडी गेली, खाडी गेली, काठावरची आई गेली. मला त्यांचंही वाईट वाटलं. इतके दिवस ज्याला मी माझ्या बाळाचं सुख समजत होते, तो धूर होता.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, चांगलं फैलावर घेतलं आणि मग पोटावर ते यंत्र टेकवलं. आधी नुसती खरखर. मी छताकडे बघत होते, श्वाससुद्धा घेत नव्हते. मग ठोके यायला लागले. भराभरा, एकाला एक लागून. "घोड्यावर बसून चाललंय," त्या हसून म्हणाल्या. बाहेर आले तर बाबा गाडीपाशी उभे, तोंड दुसरीकडे करून. मी जवळ गेले तरी वळले नाहीत. "आहे," मी म्हटलं. त्यांनी खांद्यावरचं फडकं काढलं आणि आधीच स्वच्छ असलेली पुढची काच पुसत बसले.

त्यानंतर मी पुढेच बसत गेले. वाडीत काय बोलले असतील ते बोलले असतील, आईंनी एका शब्दाने विचारलं नाही. उलट पुढच्या सीटवर एक गोधडी आणून घातली. बाबा दर थोड्या वेळाने विचारायचे, "येतो काय गो?" आणि मी म्हणायची, "नाही येत." एकदा नुसतं म्हटलं, "काहीतरी येतंय," तर भर चढावर गाडी उभी केली आणि खाली वाकून बघायला लागले. शेजारच्या शेतात पेरणीआधी पालापाचोळा जाळतात ती भाजावळ होती.

पावसाच्या जरा आधी मुलगी झाली. तिला घरी आणायला बाबा तीच व्हॅन घेऊन आले. त्यांनी उदबत्ती लावली, धुराचा दोरा सरळ वर जातोय का ते बघितलं, मगच मला बसू दिलं. सगळा रस्ता इतक्या सावकाश आले की मागून येणाऱ्या सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. अंगणात आईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, मुलीच्या पायांवर पाणी घातलं. बाबा अंतर ठेवून उभे होते. मग हळूच पुढे आले, माझ्या हातातल्या दुपट्यावर वाकले आणि तिच्या टाळूशी नाक नेऊन त्यांनी दीर्घ श्वास घेतला.

आईंना हसू आवरेना. "तुम्हांला काय कळतंय काय?"

"नाय कळत," ते म्हणाले. वर माझ्याकडे बघितलं. "कसा येतो गो वास हिचा? तू सांग."

दिवसभर वासांना नावं देणारी बाई मी, आणि मला शब्द सापडेना. मी मुलीच्या टाळूवर नाक टेकवलं.

"पेजेसारखा, बाबा. नव्या तांदळाच्या. नुकती उतरवलेली असते ना, तशा पेजेचा."

"पेजेचा," ते म्हणाले. त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा एकदा, आधीपेक्षा सावकाश, श्वास आत घेतला.